विष सापडलं, विष सापडलं नाही

१२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या एक सधन विधवा बाई आणि त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू असे दोघे प्रवास करत होते. बाईंना मधुमेह होता, क्षयाची जुनी दुखणी होती, आणि मुंबईच्या तज्ज्ञ डॉक्टरांना प्रकृती दाखवायची असं ठरलं होतं. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं आणि भलत्याच नावाने दाखल केलं. दुपार व्हायच्या आत बाई गेल्या. मृतदेह ताब्यात घ्यायला कोणीच आलं नाही. पुढे काही दिवसांनी शवविच्छेदन झालं, व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे गेला आणि तिथून उत्तर आलं की विषाचा अंश आढळला नाही.

इकडे पुण्यात नातेवाइकांना बाईंच्या नावाने पत्रं येत राहिली. आपण पुन्हा लग्न केलं, दूर गावी सुखात आहोत, शोध घेऊ नये, अशा मजकुराची. बाईंचे पैसे आणि शेअर्स मात्र डॉक्टरांच्या हाती पोचत होते.

सत्र न्यायालयाने डॉक्टरांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे डिसेंबर १९५९ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला. विष सापडलंच पाहिजे असा आग्रह धरला, तर माग न राहणारं विष निवडण्याइतकं ज्ञान असलेला गुन्हेगार प्रत्येक वेळी सुटेल, हा त्यामागचा विचार. खोटं नाव, नातेवाइकांना न कळवणं, बनावट पत्रं, हडपलेली मालमत्ता आणि मधुमेहाच्या मूर्च्छेशी न जुळणारी लक्षणं हे सगळं एकत्र धरून शिक्षा कायम झाली. तिसरे न्यायाधीश, न्यायमूर्ती सरकार, यांना हे पटलं नाही. मृत्यू अनैसर्गिक होता हेच मुळात सिद्ध झालेलं नाही, असं त्यांनी आपल्या वेगळ्या निकालात मांडलं.

आता दुसरा खटला, तोही पुण्याचाच. जून १९८२. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली एक तरुणी सासरी मृतावस्थेत सापडली. मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला, याबद्दल शेवटी वाद उरला नाही. विष होतं, ते शरीरात गेलं होतं, त्यानेच जीव गेला होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला फाशीची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी त्याला शंकेचा फायदा देऊन सोडलं. हाच तो शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल. परिस्थितिजन्य पुराव्याचा प्रश्न आला की भारतातलं कुठलंही फौजदारी न्यायालय आजही तो उघडतं.

एकाच शहरातले हे दोन विषप्रयोग शेजारी ठेवले की न्यायवैद्यक पुराव्याबद्दलचा सर्वांत घट्ट गैरसमज सैल होतो. प्रयोगशाळेने ‘हो’ म्हटलं की आरोपी दोषी आणि ‘नाही’ म्हटलं की निर्दोष, असं चित्र दूरदर्शनच्या मालिकांपासून मोबाइलवरच्या वेबसिरीजपर्यंत सर्वत्र रंगवलं जातं. प्रत्यक्षात प्रयोगशाळेला विचारला जाणारा प्रश्न आणि न्यायालयाला सोडवायचा असलेला प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या बरणीत सायनाइड आहे का, हे रसायनशास्त्रज्ञ सांगू शकतो. ते कोणी दिलं, की तिने स्वतःच घेतलं, हे बरणी सांगत नाही. सारडा खटल्यात त्या तरुणीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा वाचली, त्यांत त्यांना खचलेलं मन दिसलं, आणि आत्महत्येची शक्यता पूर्णपणे बाजूला सारता येईना. त्या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या एकत्र मांडल्या गेल्या आणि न्यायालयाने त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झालेला असावा, सगळे दुवे फक्त आरोपीच्या अपराधाकडेच बोट दाखवणारे असावेत, दुसरी कुठलीही सयुक्तिक शक्यता उरू नये आणि साखळी कुठेही तुटलेली नसावी, असा त्यांचा गाभा. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ या दोहोंमधलं अंतर किती लांब आहे, हे १९७३च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात सर्वोच्च न्यायालय आधीच सांगून गेलं होतं. तो खटलाही महाराष्ट्रातलाच.

हा धडा नवा नाही. बोटांच्या ठशांचा पुरावा जगात जवळजवळ पहिल्यांदा न्यायालयात आला तोच मुळी या वळणाने. १८९७ साली बंगालच्या जलपायगुडी भागात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा झोपेत गळा चिरून खून झाला. त्याच्या कागदपत्रांच्या पेटीत एक बंगाली पंचांग होतं आणि त्यावर तपकिरी डाग. डाग रक्ताचे ठरले, त्यातला एक अंगठ्याचा ठसा स्पष्ट होता. त्याच वर्षी कलकत्त्यात जगातलं पहिलं बोटठसे केंद्र सुरू झालं होतं. तिथल्या नोंदींमध्ये हा ठसा कांगाली चरण या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला, कारण पूर्वी चोरीत शिक्षा झाल्यामुळे त्याचा ठसा दप्तरी होता. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून मात्र सोडलं. आधुनिक वाचकाला हे विचित्र वाटेल, पण न्यायालयाने काटेकोर विचार केला होता. ठसा पेटीतल्या पंचांगावर होता, म्हणून या माणसाने रक्ताळलेल्या हाताने पेटी उघडली एवढं ठशाने सांगितलं. सुरी कोणाच्या हातात होती, हे ठसा सांगत नव्हता आणि पाहणारा कोणी नव्हता. पुढच्याच वर्षी, १८९९ साली, पुरावा कायद्याच्या तज्ज्ञमताच्या कलमात बोटांच्या ठशांचा शब्द घालण्यात आला.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून ओळखली जाते, एडवर्ड हेन्री या पोलीस महानिरीक्षकाच्या नावाने. त्यामागचं गणित आणि ठसे रचून ठेवण्याची युक्ती त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांची होती. ही दोन नावं प्रत्येक फौजदारी वकिलाला ठाऊक असायला हवीत.

ठसा, रक्त, केस, माती, गोळी, सही, दातांची खूण, मोबाइलमधला संदेश. पुराव्याच्या या साऱ्या जाती एकाच सन्मानाच्या मानकरी नाहीत. त्यांच्यात उतरंड आहे आणि ती सतत बदलते आहे. डीएनए सर्वांत वर बसतो, कारण तो संभाव्यतेच्या भाषेत बोलतो. दोन परक्या माणसांचा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, हे लोकसंख्येच्या अभ्यासावरून काढता येतं. १९८४ साली लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना ही पद्धत गवसली आणि गुन्ह्याच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा तिने आधी एका निरपराध तरुणाला सोडवलं, खरा गुन्हेगार नंतर सापडला. भारतात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत लालजी सिंह यांनी स्वतःचं तंत्र उभं केलं आणि १९९०च्या सुमारास केरळमधल्या पितृत्वाच्या एका वादात ते न्यायालयात उभं राहिलं.

उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला दातांच्या खुणा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ साली काढलेल्या अहवालात चाव्याच्या खुणांवरून माणूस ओळखण्याच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट म्हटलं. हस्ताक्षर मधे कुठेतरी. तज्ज्ञाचं मत ऐकावं, पण सावधपणे, आणि शक्य तिथे दुसऱ्या पुराव्याचा टेकू शोधावा, असं भारतीय न्यायालयं म्हणत आली आहेत. बोटांचे ठसेही चुकू शकतात, हे २००४ साली माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर दिसलं. तिथे सापडलेल्या पिशवीवरचा ठसा एफबीआयने अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा असल्याचं सांगितलं, त्याला दोन आठवडे कोठडीत ठेवलं आणि नंतर स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं. ठसे बदलत नाहीत हे खरं. ते वाचणारा डोळा माणसाचा असतो.

आणि काही पुरावे उतरंडीत चढण्याआधीच अडवावे लागतात. याचं उदाहरणही, योगायोग म्हणा, पुण्याच्याच एका विषप्रयोगाचं. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक दिल्याबद्दल जन्मठेप दिली. निकालात मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या चाचणीचा आधार घेतलेला होता. डोक्याला इलेक्ट्रोड लावून गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि त्या घटनेची ‘अनुभवाची आठवण’ मेंदूत आहे का हे संगणकाने सांगायचं, असं त्या चाचणीचं स्वरूप. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी या निकालावर चिंता व्यक्त केली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्या तरुणीला जामीन दिला आणि ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. माणसाच्या शरीरातून रक्त काढणं वेगळं आणि त्याच्या मनातून शब्द काढणं वेगळं, ही रेषा त्या निकालाने आखली. त्या दोन वर्षांच्या मधल्या काळात असल्या यंत्रापुढे बसवल्या गेलेल्या माणसांबद्दल वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं.

पुराव्याची जात कोणतीही असो, त्याचं मोल सर्वांत आधी ठरतं ते प्रवासात. महाराष्ट्रातल्या फौजदारी खटल्यात या प्रवासाची स्वतःची भाषा आहे, आणि या विषयात शिरणाऱ्याने ती आधी शिकावी. घटनास्थळाचा पंचनामा होतो. दोन पंच सह्या करतात. रक्ताने माखलेले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात, कारण ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घातले की बुरशी धरते आणि डीएनए नासतो. पाकिटावर लेबल, लेबलवर पंचांच्या सह्या, गाठीवर लाखेचं सील. मग तो ‘मुद्देमाल’ ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात जातो, रजिस्टरमध्ये नोंद होते आणि एक पोलीस शिपाई पत्रासोबत तो मुंबईत कालिन्याच्या प्रयोगशाळेत किंवा नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय केंद्रात घेऊन जातो. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा हे तिचं सरकारी नाव. पोलीस आणि वकील मात्र अजूनही तिच्या अहवालाला ‘सीए रिपोर्ट’च म्हणतात, केमिकल अ‍ॅनालायझरच्या जुन्या पदावरून. मुंबईत ही रासायनिक तपासणी एकोणिसाव्या शतकात सुरू झाली, त्या काळातलं ते पदनाम.

यातला एक टप्पा निसटला की पुढचं सगळं शास्त्र हतबल होतं. राजस्थानातल्या मोहम्मद अमन खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने बोटांच्या ठशांचा पुरावा बाजूला ठेवला, कारण ठसे असलेल्या वस्तू कोणतंही कारण नसताना पाच दिवस ठाण्यात पडून होत्या. याहून कितीतरी वेदनादायक आहे तो दिल्लीतल्या छावला प्रकरणाचा निकाल. २०१२ साली एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं अपहरण करून, अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. तीन आरोपींना फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. डीएनए अहवाल फिर्याद पक्षाच्या बाजूने होता. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडून दिलं. १४ आणि १६ फेब्रुवारीला घेतलेले नमुने २७ फेब्रुवारीपर्यंत मालखान्यात होते, या काळात त्यांच्याशी छेडछाड झाली नाही याची खात्री देता येत नव्हती. डीएनए अहवालामागची पद्धत काय होती, ती विश्वासार्हपणे वापरली गेली का, हे खालच्या न्यायालयांनी तपासलेलंच नव्हतं. त्या मुलीच्या आईवडिलांना या निकालाने काय दिलं, हे लिहायला शब्द अपुरे आहेत. आरोपी खरे असतील तर ते सुटले. खरे नसतील तर खरे कधीच सापडले नाहीत. दोन्ही शक्यतांचा भार ते पाकीट वेळेवर न हललेल्या त्या अकरा ते तेरा दिवसांवर येतो.

रक्ताच्या बाबतीत महाराष्ट्रातले सीए रिपोर्ट वाचणाऱ्याला एक शब्द वारंवार भेटतो, ‘अनिर्णित’. हत्यारावर मानवी रक्त आहे, पण गट ठरवता आला नाही. असा अहवाल फार पुढे नेत नाही. गट जुळला तरी काय? ‘ओ’ गटाची माणसं लाखोंनी आहेत. आणि ‘ओ’ म्हटलेला माणूस खरंच ‘ओ’ असेल असंही नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा व्यक्ती शोधल्या ज्यांचं रक्त नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ दिसतं पण ‘ओ’ नसतं. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या नावाने तो शोध वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. रक्तगट आरोपीला वगळायला उपयोगी, गुंतवायला कमकुवत.

अलीकडच्या काळात सर्वांत जास्त खटले ज्या पुराव्यावर उभे राहतात आणि कोसळतात तो मात्र रक्तामांसाचा नाहीच. तो सीडीत, पेनड्राइव्हमध्ये, मोबाइलमध्ये असतो. त्याचा सर्वांत महत्त्वाचा निकाल खुनाच्या नव्हे, जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून आला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात आयोगाच्याच कॅमेऱ्यांनी सारं चित्रित केलेलं होतं. सीडी मिळाल्या, पण त्यासोबत कायद्याला हवं असलेलं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा मागूनही दिलं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम ठेवताना स्पष्ट केलं की मूळ यंत्र न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारं केलं आणि तरीही अधिकारी अडून बसला, त्याला मात्र कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करणार नाही. आता गल्लीतल्या भांडणापासून बँकेच्या घोटाळ्यापर्यंत जिथे सीसीटीव्ही फुटेज येतं, तिथे जालन्याचं ते दालन अदृश्यपणे हजर असतं.

अनेक जातींचे पुरावे एकमेकांना कसे आधार देतात, हे पाहायचं असेल तर मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याचा खटला वाचावा. पकडलेला आरोपी जिवंत होता, साक्षीदार होते, छत्रपती शिवाजी टर्मिनसवर छायाचित्रकारांनी जिवावर उदार होऊन टिपलेली छायाचित्रं होती. शिवाय समुद्रात सोडून दिलेल्या ‘कुबेर’ नौकेवरच्या वस्तूंवर घामाचे डाग होते आणि त्यांतून मिळालेला डीएनए हल्लेखोरांशी जुळला. छायाचित्राने स्थानकावरचा माणूस दाखवला, घामाने तो कुठल्या वाटेने आला ते दाखवलं. एकट्या घामाने किंवा एकट्या छायाचित्राने संपूर्ण गोष्ट सांगितली नसती.

१ जुलै २०२४ पासून १८७२चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तज्ज्ञमताचं जुनं ४५ कलम आता ३९ झालं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५-ब आता ६३, आणि प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं, म्हणजे एक अक्षर बदललं तरी पकडता येईल. सोबतच्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि चित्रीकरण होणं बंधनकारक केलं आहे. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. तरतूद चांगली आहे. पण प्रत्येक अशा गुन्ह्यामागे नमुने वाढणार, आणि ते तपासणारी माणसं, यंत्रं आणि शीतकपाटं त्या प्रमाणात वाढली नाहीत, तर छावल्याच्या त्या अकरा ते तेरा दिवसांसारखे दिवस पुन्हा पुन्हा येतील. कायदा करणाऱ्यांनी त्याची तजवीज तितक्याच तातडीने केली पाहिजे.

सीए रिपोर्ट बहुधा एक-दोन पानांचा असतो. वर ठाण्याचं नाव, गुन्हा क्रमांक, पाकीट कोणत्या तारखेला मिळालं, कोणत्या शिपायाने आणून दिलं, किती सीलं होती, ती शाबूत होती का आणि नमुना सीलशी जुळली का. त्याखाली वस्तूंचं वर्णन: एक पुडी, एक बरणी, एक लोखंडी सुरी. निष्कर्ष सर्वांत खाली. अनुभवी वकील अहवाल हाती आला की त्या निष्कर्षावर उडी मारत नाही, तो आधी वरची तारीख जप्ती पंचनाम्याच्या तारखेशी लावून पाहतो आणि मधले दिवस मोजतो.